मुक्ताईचे स्थान नेमके कुठे?

मुंबई-नागपूर महामार्गावर भुसावळ मागे टाकून विदर्भाकडे निघालेला प्रवासी मुक्ताईनगरला थांबतो, तो बहुधा दोन कारणांसाठी : नव्या मंदिरात मुक्ताईचे दर्शन आणि चहा. अर्ध्या तासात गाडी पुन्हा रस्त्याला लागते. शेगावच्या वाटेवरचा एक थांबा, एवढीच या गावाची ओळख बाहेरच्यांच्या मनात उरते. गंमत अशी, की वारकरी परंपरेत ज्या संताचे स्थान एका बिंदूवर दाखवताच येत नाही, तिच्याच नावाचे गाव आपण एका मंदिरापुरते करून टाकले आहे.

ज्ञानेश्वरांची समाधी आळंदीला, सोपानदेवांची सासवडला, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरला. जागा ठरलेल्या, शिळा ठरलेल्या. मुक्ताबाईंचे तसे नाही. परंपरेप्रमाणे शके १२१९ मध्ये, म्हणजे इ. स. १२९७ साली, वैशाखात तापीकाठी वीज कडाडली आणि त्या लखलखाटात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या. जिथे देहच मागे राहिला नाही तिथे समाधी दाखवायची कशी? म्हणून तापीकाठच्या मेहूणला एक स्थान आहे, कोथळीला जुने मंदिर आहे आणि मुक्ताईनगरात नवे. खरे कोणते, असा वाद घालणारे भेटतात. मला तो वाद निरर्थक वाटतो. विजेची गोष्ट सांगणाऱ्या परंपरेने जागेचा हट्ट धरलेला नाही. तिने फक्त नदी सांगितली आहे. वारकऱ्यांना मात्र वाट पक्की ठाऊक असते. आषाढी वारीसाठी मुक्ताईची पालखी निघते ती कोथळीच्या जुन्या मंदिरातून, आणि महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. वाटेत बीडला मुक्ताबाईंचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी लागते. तिथल्या मुक्कामाला लोक आजोबा-नातीची भेट म्हणतात.

नव्या मंदिरातून कोथळीला जायला फार वेळ लागत नाही. तरी दर्शनाला थांबलेल्यांपैकी थोडेच तिकडे वळतात.

गावाचे जुने नाव एदलाबाद. प्रतिभाताई पाटील विधानसभेवर चार वेळा निवडून गेल्या तो मतदारसंघ याच नावाचा होता. ‘आदिलाबाद’चा हा लोकांच्या तोंडी घडलेला उच्चार. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यात आदिलखान नावाचे सुलतान होऊन गेले, आणि त्यांची राजधानी बुऱ्हाणपूर इथून दूर नाही. १६०१ मध्ये असिरगड पडला, खानदेश अकबराच्या ताब्यात गेला, शाहजादा दानियालच्या नावावरून सुभ्याला ‘दानदेश’ म्हणू लागले. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त या सुभ्याचे जे वर्णन आहे, त्यात आदिलाबाद आणि चांगदेव ही दोन्ही गावे येतात. स्थानिक इतिहास शोधणाऱ्याने हे अर्धे पान जरूर वाचावे.

आदिलाबाद चांगले गाव आहे, जवळच बारमाही पाण्याचे पवित्र तळे आहे आणि त्यावर बरीच जमीन भिजते, असे तो सांगतो. चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा मिळतात. त्या संगमाला चक्रतीर्थ म्हणतात. मग दोन दंतकथा येतात. एक आंधळा भक्त महादेवाची मूर्ती जवळ बाळगून रोज पूजा करी. ती इथे हरवली. त्याने वाळूची तशीच मूर्ती केली, तितक्याच भावाने पुजली, आणि वाळूचा दगड झाला. दुसरी कथा रोज गंगेला जाणाऱ्या एका तपस्व्याची. गंगा स्वप्नात येऊन म्हणाली, आता हे कष्ट पुरेत, मीच तुझ्या दारी येते. आणि सकाळी तिथे झरा फुटला.

या वर्णनात मुक्ताबाई नाहीत. योगी चांगदेवही नाहीत, केवळ गावाच्या नावात तेवढे आहेत. यावरून मुक्ताईची परंपरा नंतरची, असा निष्कर्ष कुणी काढू नये. दरबारी लेखकाला कोणी काय सांगितले, यावरच असे वर्णन अवलंबून असते. पण एक गोष्ट नजरेत भरते. तळे, संगम, झरा, वाळू : त्याला या परिसरात जे जे सांगण्याजोगे वाटले ते सगळे पाण्यालगतचे आहे.

चांगदेवचे काळ्या दगडाचे प्राचीन मंदिर आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी आपण आणि दगड. सगळेजण त्याला हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा यादवांचा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला मंत्री. पण त्याच्या जन्माआधीच्या मंदिरांनाही आपण त्याचे नाव देऊन मोकळे होतो. त्यामुळे या शब्दावरून काळ ठरवू नये. भिंतींवरून, खांबांवरून सावकाश नजर फिरवावी.

चांगदेव या नावाचाही घोळ आहे. ज्ञानेश्वरांनी पासष्टी लिहिली ते योगी चांगदेव एक. त्यांचे नाव तापीकाठच्या या गावाला, समाधी मात्र गोदाकाठी पुणतांब्याला सांगतात. दुसरे चांगदेव खानदेशातलेच, चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखातले : भास्कराचार्यांचे नातू, यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी मठ काढला. लेखाचा काळ १२०७ च्या सुमाराचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख प्रकाशात आणला. तिसरे महानुभावांचे चांगदेव राऊळ. तिघांच्या गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या आढळतात, तेव्हा सांगणाऱ्याला ‘कोणते चांगदेव?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आता संगमाकडे. मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावलेली तापी बुऱ्हाणपूरवरून येते; पूर्णा वऱ्हाडातली काळी माती घेऊन येते. दोघी जिथे मिळतात त्याच्या थोडे खाली हतनूर धरण आहे. १९८२ मध्ये ते पूर्ण झाले. पावसाळ्यात त्याच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, ही जळगाव जिल्ह्याची ठरलेली बातमी. या धरणाने दीपनगरच्या वीजकेंद्राला, गावांना, शेताला पाणी दिले. त्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क प्रवाशाला नाही. पण संगमावर उभे राहिल्यावर दोन नद्या मिळताना दिसत नाहीत, पसरलेला जलाशय दिसतो. अबुल फजलने ऐकलेले तीर्थ आणि मुक्ताईच्या कथेतला तीर या फुगवट्यात मिसळून गेले आहेत. दुसऱ्या बाजूने पूर्णेचा गाळ धरणात साठत राहतो, म्हणजे जलाशयही आहे तसाच राहणारा नाही.

या फुगवट्यानेच एक नवे ठिकाण मात्र घडवले. हिवाळ्यात हतनूरच्या उथळ पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात : पट्टेरी डोक्याचे हंस, चक्रवाक, लालसरी. वरणगावची पक्षिमित्र मंडळी इथे वर्षानुवर्षे गणना करत आली आहेत. पहाटे जावे, दुर्बीण न्यावी, आणि काठावरच्या मासेमाराला ‘दादा, आज पाखरं कुठल्या बाजूला?’ असे विचारावे. फलकापेक्षा तो माणूस खात्रीचा.

तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला वढोद्याचे जंगल आहे. मेळघाट आणि अंबाबरव्याकडून यावलकडे जाणाऱ्या वन्यजीवांच्या वाटेवरचा हा तुकडा. इथे वाघ आहेत, आणि डोलारखेड्याच्या बाजूला केळीच्या बागांतही त्यांचा वावर आढळला आहे. या रानाच्या राखीव क्षेत्राला मुक्ताई-भवानी असे नाव आहे. भवानी ती चारठाण्याच्या रानातली. संत, देवी आणि वाघ एका सरकारी नावात आले, हे मला आवडते. इथे सफारीच्या अपेक्षेने जाऊ नये, आणि वनखात्याला विचारल्याशिवाय तर जाऊच नये. बागेत राबणाऱ्या मजुराला वाघ हौसेने पाहायचा नसतो.

तीर्थक्षेत्र विकासाचा पैसा येतो तेव्हा तो साहजिकच जिथे गर्दी आहे तिथे जातो : वाहनतळ, सभामंडप, भक्तनिवास. ते हवेच आहे. पण कोथळी, मेहूण, चांगदेव, हतनूर यांना जोडणारा एक साधा नकाशा नव्या मंदिराच्या दारात लावायला त्यातला किती पैसा लागेल? गर्दी वाढेल अशी भीती काहींना वाटते. यात्रेची गर्दी या गावांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली आहे. उरलेल्या दिवसांत विचारपूस करणारे चार जण वाढले तर त्यांना ते जड जाणार नाही.

जायचे तर दोनदा जावे. एकदा थंडीत, पक्ष्यांसाठी. भरताची वांगी तेव्हाच चांगली मिळतात, आणि भरीत-कळण्याची भाकरी खाताना कान उघडे ठेवले तर लेवा बोलीही ऐकू येते. दुसऱ्यांदा वैशाख वद्य दशमीला, मुक्ताईच्या अंतर्धान सोहळ्याला. ऊन असह्य असते. पण त्या दिवसांत जलाशयाचे पाणी मागे सरलेले असते आणि नदीचा काठ थोडा उघडा पडतो.