गळ ह्यांचा, घर माझं

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर एकच गोष्ट हवी होती, समुद्र. नुसता बघायला नव्हे हं, गळ टाकायला!

हे मूळचे माण तालुक्यातले. ज्या गावात प्यायचं पाणी टँकरने यायचं, तिथे मासा कुठला? आठवडी बाजारातली सुकट, तेवढीच ओळख. नोकरीसाठी लालबागला आले आणि एका रविवारी बँकेतल्या वरळीकर सहकाऱ्याने त्यांना वरळी कोळीवाड्यात नेलं. किल्ल्याखालच्या खडकांवर बसून दिवसभरात दोन शिंगाळ्या मिळाल्या आणि आमचा माणूस त्या दिवसापासून समुद्राचा झाला! पुढची सत्तावीस वर्षं घरातला रविवार भरती-ओहोटीवर चालला. कुणाचं बारसं असो नाहीतर साखरपुडा, हे आधी तिथी बघणार. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग हे मला माझ्या उपासांपेक्षा जास्त पाठ झालं.

तेव्हा निवृत्तीला वर्ष उरलं असताना ‘आता समुद्राकाठी छोटंसं गाव बघू’ असं हे म्हणाले, त्याचं मला नवल वाटलं नाही. मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? चाळीतल्या दोन खोल्यांत आयुष्य गेलेल्या बाईला अंगण म्हटलं की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्या चाळीतल्या कोकणातल्या लोकांना हा प्रश्न कधी पडला नाही. चाकरमानी निवृत्त झाला की ट्रंक भरून आपल्या गावी जायचा. १९८२ च्या संपानंतर तर कितीतरी गिरणी कामगार वेळेआधीच गेले. पण तिकडे त्यांचं घर होतं, भावकी होती, कित्येकांची बायको आधीपासून तिथेच नांदत होती. आम्हाला मात्र परक्या गावात घर करायचं होतं.

मग सुरू झाली शोधाशोध. ह्यांची वही बघण्यासारखी होती! कुठल्या गावाला खडक, कुठे खाडीचं तोंड, कुठे तांबोशी लागते, कुठे काळुंद्र. दवाखाना, बाजार, एसटी यांचा त्यात उल्लेखही नव्हता.

आमच्याकडे वीस वर्षं मासळी घालणारी कोळीण मावशी वरळी कोळीवाड्यातलीच. तिला मी कौतुकाने सांगायला गेले, तर तिने पाटीतला बोंबील हातातच धरला. म्हणाली, “बाय, समुद्र कुठेपण आपला नसतो गो. शेजार आपला असतो.” तरुणपणी ती ओहोटीला खडकांवरची कालवं फोडायला जायची. आता त्यांच्या दारासमोरून २००९ पासून सागरी सेतू गेलाय, २०२४ साली किनारी रस्ताही आला. त्या रस्त्याच्या पुलाचे खांब ६० मीटरवर ठरले होते. होड्या आपटतील म्हणून कोळ्यांनी मोठं भांडण मांडलं, तेव्हा ते अंतर १२० मीटर झालं. मागितलं होतं त्याहून कमीच. “एवढं सगळं झालं, तरी आम्ही हललो का?” मावशीने विचारलं. मला तेव्हा वाटलं, हिला काय, हिचं माहेर-सासर एकाच गल्लीत!

माझं मन बदललं ते दुसऱ्याच कारणाने. ह्यांच्या बँकेतले एक साहेब आमच्या आधी रायगडच्या किनाऱ्यावर जाऊन राहिले होते. अगदी वाळूला लागून टुमदार घर. आम्ही एकदा पाहुणचार घेऊन आलो, ताज्या कोळंबीचं कालवण खाल्लं आणि परतताना हे वाटभर गप्प होते, हेव्याने! तिसऱ्या वर्षी साहेबांना रात्री छातीत दुखायला लागलं. गाडी दारात, पण ती साहेबच चालवायचे. वहिनींना येत नव्हती. शेजारचे दोन्ही बंगले मुंबईकरांचे, म्हणजे सुट्टीखेरीज कुलूपबंद. वाडीतला मुलगा रिक्षा घेऊन येईपर्यंत सगळं आटपलं होतं.

वहिनींना भेटायला मी पुण्याला गेले. लेकीच्या हॉलमधल्या दिवाणावर त्यांचा संसार. घर विकायला काढलंय, पण खाऱ्या वाऱ्याने ग्रिल गंजलं, गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. त्या एक वाक्य बोलल्या, ते माझ्या कानातून जात नाही. “अगं, ते गाव मी निवडलंच नव्हतं. मी फक्त त्यांच्याबरोबर गेले होते.”

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, “अहो, वही मला द्या. आता मी लिहिते.” माझा पहिलाच प्रश्न असा होता: मी एकटी राहिले, तर या गावात माझा दिवस कसा जाईल? हे क्षणभर बघत राहिले. मग मुकाट्याने पेन दिलं.

त्या हिवाळ्यात आम्ही तीन गावं बघितली. मुरूडची संध्याकाळ माझ्याही मनात भरली. समोर पाण्यात पद्मदुर्ग, मागे नारळी-पोफळी. पण मोठ्या दुखण्याला अलिबाग गाठायचं. मालवणात ह्यांनी रापण ओढताना बघितली. पंधरा-वीस माणसं दोन्हीकडून दोर ओढताहेत, जाळं काठाला येतं तसा चंदेरी ढीग उड्या मारतोय... हे चपला काढून त्यांच्यात सामील! मासळीच्या चवीत मालवणचा हात कुणी धरणार नाही, आणि आपण जिला नगली म्हणतो ती तिथे मुडदुशी होते, एवढं ज्ञानही मिळालं. पण लेक डोंबिवलीला. आगगाडीने कुडाळ, तिथून पुढे मालवण, म्हणजे सांगावा मिळाल्यापासून तो पोहोचेपर्यंत अख्खा दिवस.

तिसरं हर्णै. सुवर्णदुर्गासमोरच्या त्या बंदरावर संध्याकाळी लिलाव बसतो. टोपल्यांवर बोली लागतात, आणि बोली लावणाऱ्यांत बायकांचा आवाज सगळ्यात वरचा! ह्यांना तिथेच घर हवं होतं. मी म्हटलं, हर्णै नको, दापोली. समुद्र पंधरा-सोळा किलोमीटर लांब राहतो, पण दापोलीला एसटीचा डेपो आहे, सरकारी रुग्णालय आहे, कृषी विद्यापीठामुळे चार शिकल्या-सवरल्या बायका भेटतात. शिवाय समुद्राच्या वाऱ्याने ग्रिल गंजायला नको! “मग माझा गळ?” हे म्हणाले. “एसटीने जायचं, डबा मी देते.”

जमिनीच्या दलालाने दाखवलेल्या ‘सी टच’ प्लॉटवरून आमचा कडाक्याचा वाद झाला, तेही सांगते. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम असतात, वाटेल ते बांधता येत नाही. शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. ह्यांचं माणमधल्या सातबाऱ्यावर नाव आहे, माझं नाही. दलाल म्हणाला, “मग साहेबांच्या नावावर करू!” मी तिथून उठलेच. बिगरशेती जागा किंवा बांधलेलं घर आणि दोघांचं नाव, याखाली मी उतरणार नाही.

शेवटी विकत न घेता दापोलीत अकरा महिने भाड्याने घर घेतलं. लालबागची खोली तशीच ठेवली. मुद्दाम मे महिन्यात आलो, कारण पावसाळा काढल्याशिवाय कोकण कळत नाही. आमच्या घरमालकीणबाईंनी ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाची गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली. कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, आसपासच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. “तेव्हा तुमच्यासारखे मुंबईकर कुठे होते माहीत नाही,” असंही त्या हसत म्हणाल्या. तुमच्यापैकी ज्या अशाच गावांत राहतात, त्यांना आम्ही कसे दिसत असू, ते मला तेव्हा कळलं!

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. बंदर ओस. पावसात खडकावर जायला मी ह्यांना सक्त मनाई केली. सत्तावीस वर्षांत प्रथमच माणूस दोन महिने गळाशिवाय घरात! चिडचिड, भांडणं, सगळं झालं. सोडे-सुकटीवर दिवस काढले. मी मात्र भजनी मंडळात गेले, बाजारातल्या भाजीवालीशी उधारीपर्यंत ओळख झाली आणि रिक्षावाल्या दोघांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिले. नारळी पौर्णिमेला मावशीचा फोन आला, कोळीवाड्यातले ढोल मला ऐकवायला. तिने विचारलं, “शेजार कसा गो?” मी सांगितलं, “जमतोय.”

आता पुढच्या महिन्यात करार संपतोय. घरमालकीणबाई शेजारचं त्यांचं छोटं घर द्यायला तयार आहेत, भावही बरा आहे. ह्यांनी चहा पिताना विचारलं, “मग, घ्यायचं का?”

मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी आठ दिवस इथे एकटीने राहून बघणार आहे. रात्री दार लावून, सकाळी बाजार करून, एकदा एकटीने एसटीने हर्णैला जाऊन मासळी आणून. हे शनिवारच्या गाडीने लालबागला चाललेत. गळ बरोबर नेताहेत, रविवारी वरळीला भांग आहे म्हणे.