गोधडीच्या पोटात

घरातली एखादी जुनी, हाताने शिवलेली गोधडी घ्या आणि डोळे मिटून तिचे टाके बोटांनी चाचपत कडेपासून आत या. टाक्यांची ओळ काठाला धरून सरळ जाते, कोपऱ्यावर वळते, पुन्हा सरळ जाते, आणि बोट-बोट आत सरकत शेवटी मधोमध येऊन थांबते. तो मधला वीतभर चौकोन म्हणजे गोधडीचे पोट. शिवणारीचा शेवटचा टाका तिथे पडतो. तो पडण्याआधी ती बाई त्या पोटात काय ठेवते, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

गोधडीला नावे पुष्कळ आहेत. दक्षिण महाराष्ट्रात ती वाकळ होते, कानडी मुलखाच्या सीमेवर कौदी होते, आमच्यासारख्यांच्या घरी दखनी बोलीत तिला गुदडी म्हणतात. बाळाची असली की तिचे दुपटे होते. नाव कुठलेही असो, कृती साधारण एकच. नऊवारी लुगड्याची चौपदरी घडी घातली की एका माणसाच्या पांघरुणाएवढा थर तयार होतो. त्यावर धोतर, चादरी, सदऱ्यांचे तुकडे असे थर चढतात. सगळे जमिनीवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, कडा आत दुमडून घ्यायच्या आणि मोठ्या सुईने धावदोरा घालत सुटायचे.

कापड जुनेच का? त्यामागे काटकसर तर आहेच. पण नुसती काटकसर नाही. शेकडो वेळा धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते. ते मऊ पडते, सुई त्यातून सहज जाते आणि अंगाला टोचत नाही. थरांच्या मध्ये हवा अडकून राहते, म्हणून ऊब मिळते. बारशाला नव्या कापडाच्या झबल्याबरोबर आजीच्या जुन्या लुगड्याचे दुपटे येते, त्यात माया आहे तितकेच शहाणपणही आहे.

शिवण कडेकडून आत का येते, हेही पाहण्यासारखे आहे. कडा आधी बंद झाल्या की थर सरकत नाहीत. जे काही ढिले कापड उरते ते तळहाताने मध्याकडे लोटत न्यायचे. म्हणजे गोधडीची जागा मिटत मिटत जाते आणि सगळ्यात शेवटी मध्य उघडा राहतो. तिथे एखादी वस्तू ठेवायला हक्काची जागा मिळते. ही रीत अशी कृतीतूनच आली असावी, असे मला वाटते.

काही शिवणाऱ्या बायका त्या जागेत भाकरीचा किंवा पोळीचा तुकडा ठेवतात. कुणी धान्याचे चार दाणे ठेवतात, कुणी एखादे नाणे. विचारले तर उत्तर अगदी साधे मिळते. तिला उपाशी कसे मिटायचे? जी वस्तू आयुष्यभर कुणाला ऊब देणार, तिचे पोट रिकामे नसावे. ज्या घरात स्वतःच्या ताटातली भाकर मोजून वाढावी लागते, त्या घरातली बाई गोधडीला घास भरवते, हे मला फार मोठे वाटते.

ही भावना एका धर्माची किंवा एका जातीची नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे हे नाव आपल्याला परिचयाचे आहे. पण हे सिद्दी किल्ल्यातले नव्हेत, रानाच्या कडेला राबणारे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, त्यांतले बरेच गुलाम म्हणून. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. या तिन्ही घरांतल्या बायका गोधडी शिवतात आणि तिला कवंदी म्हणतात. मुसलमान बाईच्या कवंदीवर कधी चंद्रकोर दिसते, ख्रिस्ती बाईच्या कवंदीवर क्रूस दिसतो. पण कडेकडून आत येणारा धावदोरा तिघींचा सारखाच. कवंदीच्या कोपऱ्यांवर रंगीत कापडाच्या लहान घड्या एकावर एक शिवतात, त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडीबोडकी दिसते, असे त्या मानतात. पांघरुणालाही लाज राखणारे काहीतरी हवे, हा त्यामागचा विचार.

बंगालमध्ये हेच काम कांथा नावाने चालते. तिथे जुन्या साड्यांच्या काठांतले रंगीत दोरे उसवून त्याच दोऱ्यांनी नक्षी भरत. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयातला एकोणिसाव्या शतकातला एक कांथा प्रसिद्ध आहे. मानदासुंदरी नावाच्या मुलीने तो आपल्या वडिलांसाठी शिवला आणि तसे त्यावर सुईने लिहूनही ठेवले. तिने आपले नाव वर लिहिले, म्हणून ते आज आपल्याला वाचता येते. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना लिहिता येत नव्हते. त्यांनी जे सांगायचे ते आत ठेवले.

याचे एक उदाहरण मी पाहिलेले आहे. आमच्या गल्लीत एक विधवा म्हातारी होती. तिने शिवलेली वाकळ तिच्या माघारी बरीच वर्षे वापरली गेली. पुढे ती विरली, तेव्हा नवे अस्तर लावण्यासाठी लेकीने ती उसवली. वरून सगळे पांढरे, करडे, धुरकट रंग होते. आतला थर निघाला तो हिरव्यागार लुगड्याचा, जरीच्या काठासकट. नवरा गेल्यावर ते लुगडे तिला नेसता आले नाही, टाकवलेही नाही. तिने ते आत घातले आणि त्याच्यावर तीस वर्षे झोपली. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईनं कुणाला कळू दिलं नाही." ज्या समाजाने तिचा हिरवा रंग काढून घेतला, त्याला तिने दिलेले हे उत्तर होते.

चिंध्यांना आपल्याकडे मानही आहे. गाडगे महाराज ठिगळांची वस्त्रे अंगावर घालत, म्हणून लोक त्यांना गोधडे बुवा म्हणत. सूफी फकिरांच्या ठिगळांच्या झग्याला खिरका म्हणतात. तो गुरूकडून शिष्याला मिळतो. आणि चिंध्यांत दडलेल्या रत्नाला हिंदुस्थानीत 'गुदडी का लाल' म्हणतात. वरून फाटके दिसते त्याच्या आत मोलाचे असू शकते, हे आपल्या भाषांना फार आधीपासून ठाऊक आहे.

आता अडचण अशी की जुने लुगडेच घरात उरत नाही. साड्या कृत्रिम धाग्याच्या आल्या. त्या घाम टिपत नाहीत आणि टाक्याखाली घसरतात. ज्या थोड्या सुती असतात, त्या दारावर आलेल्या बोहारणीच्या गाठोड्यात जातात आणि बदल्यात स्टीलचे पातेले येते. बोहारणीचा व्यवसाय कष्टाचा आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण घरातले माणूस गेल्यावर महिनाभरात त्याचे कपाट रिकामे करण्याची आपल्याला जी घाई होते, तिच्याविषयी आहे. दोन लुगडी आणि एक सदरा तेवढा मागे ठेवा. गोधडी स्वतः शिवता येत नसेल तर शिवून देणाऱ्या बाया अजून भेटतात. त्यांना कापड द्या, मजुरीत घासाघीस करू नका, आणि फक्त एक सांगा: "मधला भाग शेवटी मिटा, त्या वेळी मला बोलवा."

पोटात काय ठेवावे, याबद्दल चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. धान्य ठेवायचे तर पाच-सात दाणेच, उन्हात कडकडीत वाळवून, जुन्या मलमलीच्या तुकड्यात गाठ मारून. मूठभर ठेवलेत तर कीड लागेल, उंदीर फिरकतील. भाकरीचा तुकडा ठेवणाऱ्यांनीही तो नखाएवढा आणि पुरता वाळलेला घ्यावा. हळदकुंकू आत ठेवू नका. पहिल्याच धुण्यात रंग फुटतो. तांब्याचे नाणे पाण्याने आणि घामाने हिरवे पडते आणि त्याचा डाग कापडावर उतरतो. कागदाची चिठ्ठी दोन धुण्यांत लगदा होते. काही म्हाताऱ्या गोधडीत नोटा शिवत. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हापासून ती तिजोरीही भरवशाची राहिलेली नाही.

सगळ्यात टिकणारी वस्तू म्हणजे कापडच. सुती तुकड्यावर पक्क्या रंगाच्या दोऱ्याने नाव, गाव, साल एवढे भरा आणि तो तुकडा वरच्या थराखाली चारी बाजूंनी टाचून टाका, म्हणजे आत गोळा होणार नाही. वडिलांच्या सदऱ्याचा खिसा तसाच्या तसा आतल्या थरावर शिवता येतो. आईच्या पदराचा कोपरा, जिथे ती किल्ली बांधायची, तो ठेवता येतो. बाळाच्या दुपट्यात मात्र बटण, नाणे, मणी, टाचणी असे काहीही नको. शिवण उसवली आणि ते बाळाच्या तोंडात गेले तर मायेचे संकट होईल. तिथे नुसते भरतकामाचे नाव पुरे.

एक प्रश्न उरतो. आत काय आहे ते पांघरणाऱ्याला सांगायचे की नाही? मला वाटते, सांगू नये. गोधडी पंधरा-वीस वर्षे चालते. कधीतरी ती विरेल, कुणीतरी ती उसवायला घेईल आणि तेव्हा ते हाती लागेल. तोवर सासरी गेलेली लेक, शहरात खोली घेऊन राहणारा मुलगा, थंडीच्या रात्री ती अंगावर ओढून घेतील आणि त्यांना फक्त ऊब कळेल. ठेवणाऱ्या हाताला तेवढे पुरते.