लोखंडाच्या रेषेतलं वादळ

10 फेब्रुवारी 2000. जपानच्या कागोशिमातून उडालेलं रॉकेट पहिल्याच टप्प्यात बिघडलं आणि त्यावरचा ‘अ‍ॅस्ट्रो-ई’ हा क्ष-किरण उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. त्यावर होतं तसंच उपकरण पुन्हा बांधून 2005 मध्ये ‘सुझाकू’वरून पाठवलं. महिनाभरातच त्याला गार ठेवणारं द्रवरूप हेलियम सगळंच्या सगळं उडून गेलं. 2016 मध्ये तसंच उपकरण घेऊन ‘हितोमी’ गेला. हितोमी म्हणजे डोळ्याची बाहुली. उपग्रह स्वतःभोवती फिरत नसताना त्याच्या यंत्रणेला तो फिरतोय असं वाटलं. ते सावरताना चुकीच्या आज्ञा गेल्या, उपग्रह खरोखरच गरगरू लागला आणि सव्वा महिन्यात मोडून पडला. आपल्याकडे एव्हाना कुणीतरी पत्रिका दाखवून घ्यायला सांगितलं असतं. जपानी शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या अमेरिकी-युरोपीय सोबत्यांनी चौथ्यांदा तयारी केली. 7 सप्टेंबर 2023 ला तानेगाशिमा बेटावरून ‘क्रिझम’ उडाला आणि त्याच्या ‘रिझॉल्व्ह’ या मुख्य उपकरणावरचं झाकण उघडेना!

तेवीस वर्षं एकाच गोष्टीचा इतका ध्यास का, हे समजायला त्या उपकरणाचं काम पाहिलं पाहिजे. क्ष-किरणांचा एकेक कण नेमकी किती ऊर्जा घेऊन आला, ते त्याला मोजायचं असतं. नेहमीची पद्धत सीसीडी चिपची. आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेली क्ष-किरण दुर्बीण आहे, तिच्यातही सीसीडीच आहे. लोखंडाच्या रेषा जिथे सापडतात तिथे सीसीडीची अचूकता साधारण 150 इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. रिझॉल्व्हची 5 च्या आतबाहेर. त्यासाठी ते प्रकाश मोजतच नाही, ऊब मोजतं. निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 0.05 अंशावर ठेवलेल्या इवल्या तुकड्यावर क्ष-किरणाचा एक कण आदळला, की तुकडा किंचित तापतो. किती तापला यावरून कणाची ऊर्जा कळते. असे सहा गुणिले सहा, म्हणजे 36 तुकडे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात कोट्यवधी ठिपके असतात, त्यापुढे हे दरिद्रीच दिसेल. पण इथे चित्र काढायचं नसतं, वर्णपट वाचायचा असतो.

आता या उपकरणाने जे पाहिलं, त्या कृष्णविवरांभोवतीच्या वाऱ्याकडे वळू. मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर असतं. त्याच्यात पडू पाहणारा वायू सरळ आत जात नाही. तो भोवती चकतीसारखा फिरत, घासत, तापत राहतो आणि दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांना फिकं पाडील इतका उजळतो. अशा दीर्घिकांना सक्रिय म्हणतात. कृष्णविवर सगळं गिळतं असा आपला समज असतो, पण जात्यावर बसलेल्या बाईला विचारा: घातलेल्या दाण्याचं पीठ पाळीवर पडतंच, शिवाय थोडं हवेतही उडतं. चकतीवरचा काही वायू प्रकाशाच्या दाबाने किंवा चुंबकीय बलाने, बहुधा दोन्हींच्या जोराने, बाहेर उसळतो. खगोलशास्त्रज्ञ त्याला वारा म्हणतात.

हा वारा दिसतो तो लोखंडामुळे. इथला वायू इतका तापलेला आणि क्ष-किरणांनी झोडपलेला असतो की हलक्या मूलद्रव्यांपाशी एकही इलेक्ट्रॉन उरत नाही. लोखंडाच्या 26 पैकी एखाददुसरा तग धरतो. एकच उरला असेल तर असा अणू 6.97 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण शोषतो, दोन उरले असतील तर 6.7 चे. मागून येणाऱ्या प्रकाशात त्या जागी काळी रेघ उमटते. वायू आपल्या दिशेने धावत असेल तर ती रेघ वरच्या ऊर्जेकडे सरकते. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचं शाळेतलं उदाहरण इथे लागू पडतं, फक्त गाडी प्रकाशाच्या पाव वेगाने येत असते. त्या वेगाला 6.97 ची रेघ 9 च्या आसपास जाते.

अशा रेघा 2002-03 पासून दिसू लागल्या, पण अंधूक. सुरुवातीला अनेकांना ते आकडेवारीतले भास वाटले, आणि त्यात काही गैर नव्हतं. 2010 मध्ये फ्रान्चेस्को तोंबेसी आणि सहकाऱ्यांनी ‘एक्सएमएम-न्यूटन’ दुर्बिणीची 42 सक्रिय दीर्घिकांची जुनी निरीक्षणं चाळली, तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून अधिक दीर्घिकांत ही खूण सापडली. या वाऱ्यांना मिळालेल्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून यूएफओ होतात. उडत्या तबकड्यांचे शौकीन तिथे किती वेळा फसले असतील कोण जाणे.

सैद्धान्तिक मंडळींना मात्र हा वारा हवाच होता. दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यातल्या ताऱ्यांचं वस्तुमान आणि कृष्णविवराचं वस्तुमान यांचं प्रमाण ठरल्यासारखं असतं. कृष्णविवर साधारण हजारातला एक ते पाच हिस्सा भरतं. सूर्याच्या शंभर कोटी पट वस्तुमानाचं कृष्णविवर नेपच्यूनच्या कक्षेत मावेल, आणि दीर्घिका असते लाखभर प्रकाशवर्षांची. इतक्या लहान वस्तूचा एवढ्या मोठ्या पसाऱ्याशी मेळ कसा? जोसेफ सिल्क आणि मार्टिन रीस यांनी 1998 मध्ये उत्तर सुचवलं होतं: कृष्णविवर पुरेसं माजलं की त्याच्यापासून निघणारा झोत दीर्घिकेतला वायू हुसकावतो, मग नवे तारे जन्मणं थांबतं आणि कृष्णविवराचीही रसद तुटते. गोष्ट सुबक होती. वारा सापडला तसा तिला पुरावाही मिळाल्यासारखा झाला.

या गोष्टीची कसोटी लागली पीडीएस 456 या क्वेसारवर, म्हणजे सक्रिय दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्यावर. ब्राझीलमधल्या पीको दोस दियास वेधशाळेचं पथक कोवळे तारे शोधत होतं, त्यात 1997 मध्ये हा हाती लागला. आपल्या परिसरातला हा सर्वांत तेजस्वी क्वेसार. परिसर म्हणायचा खगोलशास्त्राच्या हिशेबाने, कारण तो दोनशे कोटींहून जास्त प्रकाशवर्षं दूर आहे. तरी इतकी वर्षं तो नजरेतून निसटला, कारण मध्ये आपल्याच आकाशगंगेची धूळ येते. 2015 मध्ये इमॅन्युएले नार्दिनी यांच्या गटाने एक्सएमएम-न्यूटन आणि ‘नूस्टार’ या दुर्बिणी एकाच वेळी त्यावर रोखून दाखवलं की त्याचा वारा एखाद्या पिचकारीसारखा अरुंद नाही, जवळजवळ सगळ्या दिशांना पसरतो. तेव्हा चित्र एकसंध फुग्याचं होतं.

2024 च्या मार्चमध्ये क्रिझमने तोच क्वेसार पाहिला आणि निष्कर्ष 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आले. सीसीडीला जिथे एक रुंद, बुजलेली खाच दिसत होती तिथे रिझॉल्व्हला पाच वेगवेगळ्या रेघा दिसल्या. म्हणजे आपल्या नजरेच्या रेषेत वायूचे पाच वेगवेगळे लोट, वेग प्रकाशाच्या 20 ते 30 टक्के. यातला सर्वांत वेगवान लोट पृथ्वीवरून चंद्रावर पाच सेकंदांच्या आत पोहोचला असता. तो फुगा नव्हता, बंदुकीतल्या छऱ्यांसारखे सुटे गोळे होते. संशोधकांच्या अंदाजाने अशा गोळ्यांची एकूण संख्या दहा लाखांपर्यंत असू शकते. वर्षाला 60 ते 300 सूर्यांएवढा माल बाहेर फेकला जातो.

आणि इथेच गोष्टीचा सुबकपणा संपतो. या वाऱ्यात जेवढी ऊर्जा आहे, तिच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी त्या दीर्घिकेत दूरवर पसरलेल्या संथ वायुप्रवाहात दिसते. संवेगाचा हिशेबही जुळत नाही, तिथे दहापटीचा फरक आहे. वारा दीर्घिकेला ढकलतो असं सांगणारी दोन्ही प्रचलित गणितं या आकड्यांपुढे अडखळतात. मग एक तर असा वारा क्वेसारच्या आयुष्यात दहा टक्क्यांहूनही कमी काळ वाहत असेल, किंवा सुटे गोळे दीर्घिकेतल्या वायूच्या फटींतून निघून जात असतील. फुटकी चाळण पाणी ढकलू शकत नाही, तसं काहीसं. मला दुसरी शक्यता जास्त पटते, पण ती एका क्वेसारवरून ठरणार नाही.

वारा सुटतो कसा, याचा एक धागा दुसरीकडे सापडला. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी 3783 या सर्पिल दीर्घिकेत तीन कोटी सूर्यांएवढं कृष्णविवर आहे. 2024 च्या जुलैमध्ये क्रिझम, एक्सएमएम-न्यूटन आणि इतर दुर्बिणींनी दहा दिवस तिच्यावर पहारा ठेवला. एक क्ष-किरणांचा भडका उडाला, विझला, आणि काही तासांत सेकंदाला सुमारे 57,000 किलोमीटर वेगाचा वारा सुटलेला दिसला. सूर्यावर चुंबकीय रेषा तुटून-जुळून जे उद्रेक होतात, त्यांच्याशी याचं साम्य संशोधकांना दिसतं. सूर्याच्या पृष्ठभागावरची यंत्रणा आणि कृष्णविवराच्या काठावरची यंत्रणा एकाच जातीची असू शकते. वाऱ्याला ढकलणारा हात प्रकाशाचा की चुंबकाचा, या जुन्या वादात निदान या एका ठिकाणी पारडं चुंबकाकडे झुकलं आहे.

राहिलं ते न उघडणारं झाकण. त्यात बेरिलियमच्या पातळ पत्र्याची खिडकी आहे. 1.7 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचे क्ष-किरण ती बहुतेक अडवते, त्यामुळे हलक्या मूलद्रव्यांच्या रेषा हुकतात. लोखंडाचे क्ष-किरण मात्र तिच्यातून आरपार जातात. पीडीएस 456 चे पाच लोट आणि एनजीसी 3783 चा तो काही तासांत सुटलेला वारा, दोन्ही क्रिझमने बंद झाकणातूनच पाहिले आहेत.