बंधुत्वाची शपथ आणि तिची किंमत

न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी गावी युनियन कॉलेज आहे. 1825 साली तिथल्या काही विद्यार्थ्यांनी ‘कप्पा अल्फा’ ही गुप्त मंडळी काढली आणि दोनच वर्षांत आणखी दोन मंडळ्या तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. अमेरिकेतल्या कॉलेज फ्रॅटर्निटींचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनांचा, वंशवृक्ष इथून सुरू होतो. सक्तीची प्रार्थना, पाठांतर आणि प्राध्यापकांची करडी नजर यांपासून दूर, आपली आपण चालवायची एक जागा त्या मुलांना हवी होती. ती त्यांनी मिळवली आणि तिच्याभोवती शपथ, खुणा, गुपितं यांचं कुंपण घातलं. आज या संघटनांचा जो काही लाभ होतो आणि जी काही हानी होते, ती दोन्ही याच कुंपणातून येतात, असं माझं मत आहे.

आधी लाभ पाहू. घरापासून हजार मैल दूर, तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात अठरा वर्षांचा मुलगा एकटा पडतो. फ्रॅटर्निटीत त्याला राहायला घर मिळतं, जेवायला सोबत मिळते आणि पुढे नोकरी शोधताना चार दारं ठोठावता येतात. या शेवटच्या गोष्टीचा हिशेब त्याच युनियन कॉलेजातल्या अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. ईशान्य अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची माहिती घेऊन त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: फ्रॅटर्निटीत गेल्याने चार गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी सुमारे पाव गुणाने घसरते, पण पुढची कमाई सुमारे 36 टक्क्यांनी वाढते. हा आकडा एकाच कॉलेजचा आहे, सरसकट सगळ्यांना लावू नये. तरी त्यातून एक गोष्ट उघड होते. अभ्यासात मागे पडलेला मुलगा कमाईत पुढे जातो, तो ओळखींच्या बळावर. आणि त्या ओळखींना मोल येतं ते इतरांना आत घेत नाहीत म्हणून.

ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांनी आपली दारं उभारली. 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापली. एकमेकांना अभ्यासात धरून ठेवणं हीच तिथली पहिली निकड होती. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल आणि मार्टिन ल्यूथर किंग हे दोघेही पुढे तिचे सदस्य झाले. अशा ठिकाणी बंधुत्व हा शब्द पोकळ वाटत नाही. भारतीय वंशाच्या मुलांनीही 1990च्या दशकात हाच मार्ग धरला. 1998 मध्ये टेक्सस विद्यापीठात ऑस्टिनला ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ निघाली. न्यू जर्सी किंवा टेक्ससमधल्या मराठी घरातून बी.एस.ला जाणाऱ्या मुलापुढे हा पर्याय आज खरोखर असतो.

आता किंमत. दर सेमिस्टरची वर्गणी काही शे ते काही हजार डॉलर असते, पण ती सगळ्यांत लहान किंमत. सुरुवातीला ‘रश’, म्हणजे भेटीगाठींची फेरी, असतो, मग निवडलेल्यांना ‘बिड’, म्हणजे प्रवेशाचं आमंत्रण, मिळते, आणि त्यानंतर नवखा ‘प्लेज’ म्हणून ज्येष्ठांच्या हाती सापडतो. 2 फेब्रुवारी 2017च्या रात्री पेन स्टेट विद्यापीठात ‘बीटा थीटा पाय’च्या घरात 19 वर्षांच्या एका प्लेजला दीड तासाच्या आत किमान अठरा वेळा दारू पाजली गेली. नियमांनुसार त्या घरात दारूला बंदी होती. तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. घरातले कॅमेरे सगळं टिपत होते. मुलांनी त्याला सोफ्यावर ठेवलं, हलवून पाहिलं. रुग्णवाहिका बोलावली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळपास बारा तासांनी. 4 तारखेला तो गेला.

तिथे जमलेली सगळी मुलं क्रूर होती, असं मला वाटत नाही. फोन केला तर चॅप्टर, म्हणजे फ्रॅटर्निटीची तिथली शाखा, बंद होईल, ही भीती तिथे होती. भावाला अडचणीत आणायचं नाही, ही शिकवण होती. नोकरीसाठी शब्द टाकणारी निष्ठा आणि त्या रात्री गप्प बसलेली निष्ठा एकच आहे. हेझिंगच्या, म्हणजे नवख्यांच्या अशा छळाच्या, बळींची नोंद आयुष्यभर ठेवणाऱ्या हँक न्यूअर या पत्रकाराच्या यादीत 1959 ते 2021 या काळात एकही वर्ष मृत्यूविना गेलेलं नाही.

महाराष्ट्राने रॅगिंगविरुद्ध 1999 मध्येच कायदा केला, म्हणून आपल्याला हे ओळखीचं वाटेल. पण फरक आहे. रॅगिंगमध्ये सापडणारा तिथे स्वतःहून आलेला नसतो. प्लेज अर्ज करून आलेला असतो. त्यामुळे ‘त्याची संमती होती’ हा बचाव पुढे येतो. एकोणीस वर्षांचा मुलगा, भोवती हवीहवीशी वाटणारी मंडळी आणि नकार दिला तर सगळं संपणार. या संमतीला मी संमती म्हणणार नाही.

विल्यम्स कॉलेजने 1962 मध्ये फ्रॅटर्निटी मोडीत काढायचं ठरवलं, पुढे कोल्बी आणि बोडननेही. ती कॉलेजं नावारूपाला आहेत, त्यांच्या पदवीधरांच्या ओळखी आटल्या नाहीत. मोठ्या सरकारी विद्यापीठांना मात्र हे जमलेलं नाही: घरं बहुधा खाजगी मालकीची, माजी सदस्य देणगीदार, आणि हजारो विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय त्यांच्याच हाती.

डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत संघराज्य पातळीवर हेझिंगविरोधी कायदा झाला. कोणत्या संघटनेने काय केलं आणि तिला काय शिक्षा झाली, याचा अहवाल विद्यापीठांना आता संकेतस्थळावर जाहीर करावा लागतो. आपलं मूल ‘बिड आली’ म्हणून आनंदाने फोन करील, तेव्हा हो म्हणण्याआधी तो अहवाल त्याच्यासोबत बसून वाचा. आणि एक गोष्ट त्याच्याकडून वदवून घ्या: कुणी बेशुद्ध पडलं तर तो कुणाची परवानगी न मागता 911 या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन लावील.