शेजारचं प्रजासत्ताक

'रिपब्लिक' म्हटलं की मला आधी टेक्सास आठवायचं. 1836 मध्ये तिथल्या वसाहतवाल्यांनी मेक्सिकोपासून फुटून स्वतःचं राज्य काढलं, सॅम ह्यूस्टन प्रेसिडेंट झाला आणि 1845 मध्ये ते अमेरिकेत सामील झालं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हे सगळं पाठ! पण आमच्या मूलहून सावलीमार्गे गडचिरोली, आणि पुढे धानोरा रोडने तीसेक किलोमीटर गेलं की एक प्रजासत्ताक लागतं, हे मात्र मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. त्याचं नाव मेंढा (लेखा).

सुमारे 500 वस्तीचं हे गोंड गाव. टेक्सासवाले बाहेरून आले होते, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. 1980 च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध आदिवासींनी आंदोलन केलं. त्यातूनच 'मावा नाटे मावा राज', म्हणजे 'आमच्या गावात आमचं राज्य' हा विचार रुजला. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांनी तो पुढे नेला. घोषणा झाली : 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार!'

म्हणजे देशापासून फुटणं नव्हे. भांडण कायद्याच्या चौकटीतच होतं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी अडचण होतीच. बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो होता वनखात्याच्या हातात. 1927 चा वन कायदा बांबूला झाड समजायचा, तर नवा कायदा त्याला गौण वनोपज म्हणतो. एका व्याख्येवर गावाची कमाई अडली होती! शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती त्यांची निर्णयाची पद्धत. तिथे बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. अभ्यासगट बसून विषय समजून घेतो, पण ठरवत नाही. ठरवते ग्रामसभा. एकाचा जरी विरोध असला तरी विषय थांबतो, पुन्हा चर्चा होते. वेळ लागतो, पण ठरलेलं सगळे पाळतात, कारण हरलेला कोणीच नसतो.

मागच्या सेमिस्टरला आमच्या मेसच्या मीटिंगमध्ये हात वर करून पाच मिनिटांत मेनू ठरला. मी जिंकणाऱ्यांत होतो. हरलेले गप्प बसले, आणि पंधरा दिवसांत तेच भांडण पुन्हा सुरू! तेव्हा वाटलं, आपण मोजलं, पण ऐकलं कुठे?

पुढच्या मीटिंगला हात वर करण्याआधी 'नाही' म्हणणाऱ्याला विचारून बघू या का, "काहून नाही बाप्पा?"