एक छत्री, चार टीव्ही

फर्स्ट इयर संपलं की आपल्यापैकी बरेच जण हॉस्टेल सोडून रूम करतात. हिंगोली असो, वसमत असो की कळमनुरी, घराची रचना साधारण सारखीच असते. खाली घरमालक, बाजूला एखादं भाडेकरू कुटुंब, वरच्या दोन खोल्यांत आपली पोरं, आणि गच्चीवर एक छत्री. मग प्रश्न ठरलेला: "काका, तुमच्या डिशवरून आम्हाला एक वायर देता का?" काका बहुधा हो म्हणतात. बाजारातून एक स्प्लिटर येतो, वायर जोडली जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून कुरबूर सुरू होते. वर पोरांनी चॅनल बदललं की खाली काकूंची मालिका गायब!

यात दोष पोरांचाही नाही आणि काकूंचाही नाही. एक छत्री चार घरांना पुरते, हे अगदी खरं. पण छत्रीच्या तोंडाशी बसलेला एलएनबी एका वेळी एकाचंच ऐकतो. ही एक गोष्ट समजली की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे आपोआप कळतं.

छत्रीत नेमकं काय चालतं?

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. पृथ्वीच्या बरोबरीनेच फिरत असल्यामुळे ते आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखे वाटतात. तिथून येणारा सिग्नल कु-बँडमधला, म्हणजे १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा असतो. एवढी मोठी फ्रिक्वेन्सी आपल्या नेहमीच्या केबलमधून खाली आणली तर वाटेतच विरून जाईल. म्हणून एलएनबी दोन कामं करतो: सिग्नल वाढवतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी कमी करतो. गणित साध्या वजाबाकीचं आहे. वरून ११,०९० मेगाहर्ट्झचा सिग्नल आला, एलएनबीमधला ऑसिलेटर ९,७५० चा आहे, तर केबलमध्ये उतरतात १,३४० मेगाहर्ट्झ.

खरी अडचण इथूनच सुरू होते. वरचा पट्टा २,०५० मेगाहर्ट्झ रुंद आहे. शिवाय तोच पट्टा दोनदा वापरलेला असतो, एकदा उभ्या म्हणजे व्हर्टिकल पोलरायझेशनमध्ये आणि एकदा आडव्या म्हणजे हॉरिझाँटलमध्ये. एकूण माल झाला ४,१०० मेगाहर्ट्झचा. केबलमध्ये जागा मात्र ९५० ते २,१५० एवढीच, म्हणजे १,२०० मेगाहर्ट्झ. सगळा माल एकदम उतरत नाही. म्हणून त्याचे चार भाग केले आहेत: व्हर्टिकल लोअर, व्हर्टिकल अप्पर, हॉरिझाँटल लोअर, हॉरिझाँटल अप्पर. एका केबलमधून एका वेळी यातला एकच भाग खाली येतो.

कोणता भाग पाठवायचा हे सेट-टॉप बॉक्स सांगतो, आणि तेही त्याच केबलमधून. बॉक्सने १३ व्होल्ट दिले तर व्हर्टिकल, १८ व्होल्ट दिले तर हॉरिझाँटल. सोबत २२ किलोहर्ट्झचा टोन दिला तर वरचा बँड, नाही दिला तर खालचा. आपण रिमोटवर नुसतं बटण दाबतो, पण तेवढ्यात गच्चीवर हुकूम गेलेला असतो.

आता एकाच वायरला स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले तर काय होईल? काकूंचा बॉक्स १३ व्होल्ट देतोय, पोरांचा १८. स्प्लिटरमधल्या डायोडमुळे जास्त व्होल्टेजवाला जिंकतो. एलएनबी हॉरिझाँटलवर जातो आणि काकूंच्या पडद्यावर ‘नो सिग्नल’. भांडणाचं कारण हे एवढंच.

स्प्लिटर कधी चालतो?

सगळे बॉक्स एकच हुकूम देणार असतील, तर स्प्लिटर बिनधास्त चालतो. डीडी फ्री डिशच्या बाबतीत नेमकं हेच होतं. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि आता जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तिला महिन्याचं भाडं नाही, त्यामुळे गावाकडे आणि भाड्याच्या खोल्यांत ती सोयीची पडते. तिचे चॅनल खालच्या बँडमध्ये आणि व्हर्टिकल पोलरायझेशनमध्ये येतात. सगळ्यांचे १३ व्होल्ट, टोन कोणाचाच नाही, मग वाद कसला? बॉक्सच्या इन्स्टॉलेशन मेन्यूत ट्रान्सपाँडरची यादी असते. प्रत्येक फ्रिक्वेन्सीपुढे ‘व्ही’च दिसतो ना, ते एकदा बघून घ्या.

मात्र स्प्लिटर बघून घ्यावा. केबल टीव्हीचा जुना स्प्लिटर साधारण १,००० मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो, तो इथे कामाचा नाही. आपल्याला किमान २,१५० मेगाहर्ट्झपर्यंतचा हवा, आणि त्याच्या सगळ्या पोर्टमधून करंट जाणारा हवा. एकाच पोर्टमधून करंट जात असेल तर त्या खोलीतला बॉक्स बंद झाला की सगळ्यांचाच टीव्ही बंद. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये साधारण ४ डेसिबल आणि चार वाटांच्यात ८ डेसिबल सिग्नल खर्च होतो. एलएनबी मुळात ५० डेसिबलच्या वर वाढवून देतो, त्यामुळे एका घरापुरतं हे निभतं.

पेड डीटीएचसाठी काय लावायचं?

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. वेगवेगळ्या टीव्हीवर एकाच वेळी वेगवेगळे चॅनल खरंच हवेत का? मेसच्या हॉलमध्ये आणि बाहेरच्या व्हरांड्यात एकच मॅच दाखवायची असेल तर एक बॉक्स आणि एक एचडीएमआय स्प्लिटर पुरे. नवीन कनेक्शनची गरजच नाही.

वेगवेगळे चॅनल हवे असतील तर चार टीव्हींपर्यंत सोपा उपाय आहे क्वाड एलएनबी. दिसायला एकच, पण आत चार स्वतंत्र एलएनबी असल्यासारखं काम करतो. चार तोंडं, चार केबल, चार बॉक्स, आणि प्रत्येक तोंड आपापल्या बॉक्सचं ऐकतं. दोनच टीव्ही असतील तर ट्विन एलएनबी पुरतो. आठ तोंडांचाही मिळतो.

दुकानात एक घोळ हमखास होतो. ‘क्वाड’ आणि ‘क्वाट्रो’ ही नावं सारखी वाटतात, तोंडंही दोन्हींना चारच, पण काम वेगळं. क्वाट्रोच्या चार तोंडांतून वर सांगितलेले चार भाग कायमचे वेगवेगळे बाहेर पडतात, तो बॉक्सचा हुकूम ऐकत नाही. त्याच्यापुढे मल्टिस्विच लावावा लागतो. मल्टिस्विच चारही भाग हातात ठेवतो आणि ज्या बॉक्सने जे मागितलं ते त्याला देतो. हॉस्टेलची दहा-बारा खोल्यांची विंग असेल तर क्वाट्रो आणि मल्टिस्विच हीच खरी रीत. चार खोल्यांच्या घराला तो खर्च उगाच. युनिकेबल नावाची तिसरी पद्धत आहे. तिच्यात एकाच केबलवर प्रत्येक बॉक्सला वेगळी फ्रिक्वेन्सी नेमून देतात, पण बॉक्सला ती पद्धत यायला हवी. आधी कंपनीला विचारा, मगच खरेदी करा.

अजून एक. घरमालकांकडे एका कंपनीचं कनेक्शन आणि तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा बॉक्स असेल तर छत्री एक असून उपयोग नाही, कारण उपग्रहच वेगळे. टाटा प्ले ८३ अंश पूर्वेला, फ्री डिश ९३.५ ला, डिश टीव्ही ९५ ला, एअरटेल १०८.२ ला.

हिंगोलीतून कुठे बघायचं?

हिंगोली शहर साधारण १९.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७.१५ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यावरून गणित केलं तर फ्री डिशसाठी दिशा येते उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे १३९ अंश, म्हणजे जवळपास आग्नेय, आणि उंची क्षितिजापासून ६० अंश. टाटा प्लेसाठी दिशा १६३ आणि उंची ६६ अंश. एअरटेलसाठी दिशा ११९ आणि उंची ४८ अंश. औंढा, सेनगाव, वसमत इथे फरक किरकोळ पडेल.

६० अंश ही आपल्यासाठी फार सोयीची गोष्ट आहे. लंडनमध्ये तिथल्या नेहमीच्या ॲस्ट्रा उपग्रहाकडे बघणारी डिश जेमतेम २५ अंश वर बघते, त्यामुळे समोरचं घरही आड येतं. आपल्याकडे डिशपासून २ मीटरवर भिंत असली तरी ती डिशपेक्षा साडेतीन मीटर उंच होईपर्यंत आड येत नाही. म्हणजे फ्री डिशची छत्री अंगणातही लागू शकते. जुन्या माळवदाला भोक पाडून पावसाळ्यात गळती ओढवून घेण्यापेक्षा, किंवा पत्र्यावर दगड ठेवून हलती डिश उभी करण्यापेक्षा, अंगणात पक्का पाईप गाडलेला कधीही चांगला. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर साधारण ३ अंशांचीच असते. वाऱ्याने दीड-दोन अंश हलली की चित्र फुटायला लागतं.

लावताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपल्या डिश ऑफसेट प्रकारच्या असतात, त्यांचं तोंड दिसतं त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असतं. तेव्हा डोळ्याने अंदाज न करता मागच्या पट्टीवरचे अंश बघा. दुसरं म्हणजे ९३.५ आणि ९५ हे उपग्रह अगदी शेजारी आहेत. बॉक्सवर ‘स्ट्रेंग्थ’ भरपूर पण ‘क्वालिटी’ शून्य दिसली तर समजा की तुम्ही शेजाऱ्याच्या दारात उभे आहात. डिश केसभर सरकवा.

वायर, पाणी आणि वीज

केबल ७५ ओहमची आरजी-६ च घ्या. तिच्यात १०० मीटरला साधारण २० ते ३० डेसिबल सिग्नल जातो, म्हणजे २०-२५ मीटरच्या घरगुती लांबीला काळजी नाही. मध्ये जोड मात्र टाळा. वायरला पिळा मारून टेप गुंडाळणं हा आपला राष्ट्रीय उपाय असला तरी पहिल्या पावसात तो उत्तर देतो. बाहेरच्या कनेक्टरवर रबरी टोपी हवी आणि एलएनबीजवळ केबलला खालच्या बाजूने एक झोल ठेवावा, म्हणजे पाणी आत न जाता टपकून जातं.

केबल जोडताना किंवा काढताना बॉक्सचा प्लग आधी काढा. केबलच्या मधल्या तारेत १३-१८ व्होल्ट असतात. माणसाला काही होत नाही, पण जाळीला तार टेकून शॉर्ट झालं तर बॉक्स जाऊ शकतो. विजेच्या तारांच्या आसपास लोखंडी पाईप उभा करू नका. आणि मृगाच्या आधी आपल्याकडे वळवाचा पाऊस विजा घेऊनच येतो. डिशच्या खांबाला अर्थिंग द्या. गडगडाट दूरवर असतानाच प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा. विजा सुरू झाल्यावर हात लावू नका आणि गच्चीवर तर अजिबात जाऊ नका. मॅच पुन्हा बघता येते.

बंद पडलं तर आधी हे विचारा

शेजारच्या खोलीत चालू आहे का? फक्त तुमचाच टीव्ही बंद असेल तर दोष तुमच्या केबलमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा बॉक्समध्ये. सगळ्यांचेच बंद असतील तर दोष सामायिक भागात, म्हणजे डिश, एलएनबी किंवा मल्टिस्विचमध्ये. जोराचा पाऊस चालू असेल तर थांबा, आपोआप येईल. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हाही काही मिनिटं चित्र जातं. डिशला हात लावायचा नाही.

शेवटी पैशाचं

पेड डीटीएचमध्ये ‘मल्टी टीव्ही’ सवलत एका घरासाठी आणि एका नावासाठी असते. २०२० मध्ये ट्रायने ठरवलं होतं की दुसऱ्या टीव्हीपासून नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये. जुलै २०२४ मध्ये शुल्काच्या मर्यादा काढून ते कंपन्यांवर सोपवलं. त्यामुळे आता भाव कंपनीकडूनच विचारून घ्यावा लागतो. भाडेकरूंना आपल्या नावावरच्या कनेक्शनमध्ये जोडता येईल का, हेही घरमालकांनी आधी विचारावं. छत्री वाटून घेतली म्हणजे कनेक्शन वाटून घेतलं असं होत नाही.

घरातला हिशोब सोपा ठेवा. डिश, पाईप, एलएनबी, स्प्लिटर किंवा मल्टिस्विच हे सामायिक, त्यांचा खर्च सारखा वाटायचा. एलएनबीपासून स्वतःच्या खोलीपर्यंतची केबल आणि बॉक्स ज्याचा त्याचा. रूम सोडताना बॉक्स आपल्याबरोबर न्यायचा, डिश आणि एलएनबी मात्र घरातच राहतील. भोक कुठे पाडायचं ते घरमालकांना विचारून. हे चार ओळींत कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. ड्रिल मशीन त्यानंतर आणा. इलेक्ट्रॉनिक्सचा प्रश्न क्वाड एलएनबी सोडवेल, पण कोणी किती दिले हा प्रश्न सोडवणारा एलएनबी अजून बाजारात आलेला नाही.