तुलूझ-लोत्रेकची भिंतीवरची चित्रे

1891 सालच्या डिसेंबर महिन्यात पॅरिस शहराच्या भिंतींवर सुमारे सहा फूट उंचीची एक जाहिरात झळकली. ‘मूलाँ रूज’ नावाच्या नृत्यगृहाची ती जाहिरात. मध्यभागी पाय उंच उडवून नाचणारी ला गुल्यू ही नर्तकी, तिच्यामागे काळ्या टोप्या घातलेल्या प्रेक्षकांची नुसती सावल्यांसारखी रांग, आणि अगदी पुढे तिच्या किडकिडीत साथीदाराची करडी आकृती. दिव्यांच्या जागी पिवळे गोळे तेवढे होते. अशा सुमारे तीन हजार प्रती छापण्यात आल्या होत्या. चित्रांचे शौकीन त्या काळी रात्री हिंडून खळ ओली आहे तोच भिंतीवरून भित्तिपत्रके सोडवून नेत. जाहिरात चोरून घरी न्यावी असे एखाद्यास वाटावे, हा प्रकार वरवर विनोदी दिसला तरी एका नव्या कलेच्या भाग्योदयाचे ते लक्षण होते.

या जाहिरातीचा कर्ता आंरी द तुलूझ-लोत्रेक हा त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता. 1864 साली दक्षिण फ्रान्समधील आल्बी या गावी एका जुन्या सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला. 1878 व 1879 या लागोपाठच्या वर्षी त्याच्या दोन्ही मांड्यांची हाडे मोडली. त्यानंतर पायांची वाढ खुंटून तो जन्मभर पाच फुटांच्या आतबाहेरच राहिला. घोडेस्वारी आणि शिकार हीच ज्या घराची विद्या, त्या घरात या मुलाच्या हाती कुंचला आला. पुढे कॉर्मोंच्या चित्रशाळेत शिकून तो मोंमार्त्र टेकडीवर राहू लागला. घरून पैसे येत, म्हणून पोटासाठी कोणाची हांजी हांजी करण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाही. त्याच्या स्वतंत्र बाण्याचे कौतुक करताना ही गोष्ट विसरली जाते, ती विसरू नये.

भित्तिपत्रकाची कला त्याने निर्माण केली असे मात्र नव्हे. 1881 च्या कायद्याने फ्रान्समध्ये भिंतीवर पत्रके लावण्यास मोकळीक मिळाली होती, आणि झ्यूल शेरे या कसबी चित्रकाराने रंगीत, हसऱ्या युवतींनी पॅरिसचे रस्ते आधीच भरून टाकले होते. मूलाँ रूजची 1889 सालची पहिली जाहिरातही शेरेचीच. लोत्रेकने केले ते निराळे. त्याने हसरी बाहुली काढून टाकली आणि तिच्या जागी ओळखता येईल असे माणूस उभे केले.

हे साधले शिळाछापाच्या साहाय्याने. विशिष्ट जातीच्या चुनखडीच्या पाषाणावर तेलकट खडूने वा शाईने चित्र काढावयाचे, मग दगड पाण्याने भिजवावयाचा. तेलकट रेघ पाणी धरीत नाही आणि ओला दगड छपाईची शाई धरीत नाही, एवढ्याच तत्त्वावर सारी छपाई चालते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. आपल्याकडे मुंबईस गिरगावात 1894 साली राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला तो याच विद्येवर. परंतु तेथे अनेक दगड वापरून छापील चित्रास तैलचित्राचा भास आणण्याची खटपट होती, तर लोत्रेक चार-पाच रंगांत काम भागवी आणि दगडाची जात लपवीत नसे. दात घासण्याचा ब्रश शाईत बुडवून तो सुरीने खरवडी व बारीक तुषार दगडावर उडवी. जपानी छापचित्रांतील सपाट रंग आणि वाटेल तेथे कापलेली आकृती ही दोन्ही त्याने मनापासून उचलली होती.

छापखान्यातील कारागिरांशी त्याचे सख्य होते. 1893 साली आंद्रे मार्ती या प्रकाशकाने मूळ छापचित्रांची एक माला सुरू केली, तिच्या वेष्टनावर लोत्रेकने जान आव्रिल ही नर्तकी ताजा छाप हातात घेऊन न्याहाळीत असलेली दाखविली आहे. तिच्या मागे यंत्रावर राबतो आहे तो कोतेल नावाचा वृद्ध छपाईदार. चित्रकार स्वतः त्यात कोठेच नाही.

गायक-नर्तकांशी त्याचे संबंध गिऱ्हाइकाचे नव्हते, मैत्रीचे होते. आरिस्तीद ब्र्युआं हा रांगड्या बोलीत गाणारा, आणि श्रोत्यांना तोंडावर शिव्या देणारा गायक 1892 साली एका प्रतिष्ठित संगीत-उपाहारगृहात गावयास गेला. काळा झगा, लाल गळपट्टा आणि रुंद काठाची टोपी, एवढ्यांतच लोत्रेकने त्याची जाहिरात उरकली होती. चालकास ती मुळीच रुचली नाही. तेव्हा, हे चित्र रंगमंचाच्या दोन्ही बाजूंस लागल्याखेरीज आपण गाणार नाही, असे ब्र्युआंने बजाविले. चित्र लागले.

परंतु प्रत्येक कलावंताची छाती एवढी नसते. इव्हेत गिल्बेर ही त्या काळची नामांकित गायिका. अंगाने काटकुळी, मान लांब, केस तांबूस, आणि कोपराच्या वरपर्यंत येणारे काळे हातमोजे. हे मोजे लोत्रेकच्या मनात इतके भरले होते की ‘दिव्हां जापोने’ या उपाहारगृहाच्या 1893 च्या जाहिरातीत त्याने रंगमंचावरील गिल्बेरचे डोकेच चौकटीबाहेर ठेवले! नुसत्या मोज्यांवरून पॅरिस तिला ओळखील हा त्याचा होरा खरा ठरला. 1894 साली त्याने तिच्यासाठी भित्तिपत्रकाचा एक आराखडा केला. पाहून ती घाबरली. आपणांस एवढे कुरूप करू नये अशी विनवणी तिने पत्राने केली आणि काम दुसऱ्याकडे दिले.

येथे दोष कोणाचा म्हणावा? गायिकेचे पोट लोकांच्या आवडीवर चालते, आणि जाहिरातीने गिऱ्हाईक आणावयाचे असते, पळवून लावावयाचे नसते. उलटपक्षी, गिल्बेरच्या गाण्यातील तिरकस उपहास गोंडस मुखड्यात मावणारा नव्हता आणि चित्रकाराने तो गाणाऱ्या बाईच्या नाकाडोळ्यांतच शोधून काढला होता. त्याच वर्षी गुस्ताव्ह जेफ्रवा या टीकाकाराच्या लेखासह तिची सोळा शिळाछाप चित्रे मार्तीने पुस्तकरूपाने काढली. फक्त शंभर प्रती, हिरवट शाईत. तिच्या जवळच्या मंडळींनी कितीही नाके मुरडली तरी गिल्बेरने प्रत्येक प्रतीवर आपली सही केली. नाकारलेला आराखडा आल्बीच्या संग्रहालयात अजून पाहावयास मिळतो.

प्रदर्शनांच्या बाबतीतही लोत्रेक सरकारी दरबारी मार्गाने गेला नाही. परीक्षक नाहीत, बक्षिसे नाहीत, अशा नियमाने 1884 साली स्थापन झालेल्या ‘स्वतंत्र कलावंतां’च्या पॅरिसमधील प्रदर्शनात तो 1889 पासून चित्रे मांडू लागला. ब्रुसेल्सच्या ‘वीस जणां’च्या मंडळानेही त्यास बोलाविले. तेथे 1890 साली भोजनाच्या वेळी एका बेल्जियन चित्रकाराने व्हॅन गॉगची निंदा करताच या ठेंगण्या गृहस्थाने त्यास द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले! युद्ध टळले, निंदकास मात्र मंडळ सोडावे लागले.

मराठी वाचकास विशेष आपुलकी वाटावी अशी हकीकत पुढेच आहे. 1895 सालच्या जानेवारीत पॅरिसच्या ‘तेआत्र द लव्र’ या प्रायोगिक नाट्यगृहात शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे फ्रेंच रूपांतर रंगले. देवलांचे ‘मृच्छकटिक’ आपल्या रंगभूमीवर त्याआधीच गाजत होते. पॅरिसच्या प्रयोगाचे कार्यक्रमपत्रक लोत्रेकने काढले, त्यावर हत्ती आहे. दुसऱ्या चित्रकारांच्या जोडीने देखावा रंगविण्यासही त्याने हात लावला. वसंतसेनेची उज्जयिनी त्याने पाहिली नव्हती, आणि ती हुबेहूब दाखविण्याची त्यास ओढही नसावी.

त्याच वर्षी ला गुल्यू मूलाँ रूज सोडून जत्रेत स्वतःचा तंबू थाटावयास निघाली. तिच्या विनंतीवरून लोत्रेकने तंबूच्या दर्शनी बाजूसाठी दोन प्रचंड पडदे रंगवून दिले. एकावर तिचे मूलाँ रूजमधील जुने वैभव, दुसऱ्यावर नवा पौर्वात्य थाटाचा नाच. धंदा काही चालला नाही. लोत्रेक 1901 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मद्यपानाने व रोगाने जर्जर होऊन वारला. पडदे हातोहात फिरले, आणि कोणा व्यापाऱ्याने विक्रीच्या सोयीसाठी ते चक्क कापून त्यांचे तुकडे केले. पुढे सरकारी संग्रहालयाने ते तुकडे मिळवून पुन्हा जोडले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. ला गुल्यू 1929 साली दारिद्र्यात मेली.